खटल्याआधीच लागणारा निकाल : अमेरिकेतील पोलीस, सरकारी वकील आणि तुरुंग

अमेरिकेत देशभर एका सूत्राने चालणारे पोलीस खाते नाही. सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा तिथे काम करतात आणि त्यांतल्या बहुतेक एकमेकींच्या हाताखाली नाहीत. न्यूयॉर्क शहराच्या दलात तीस हजारांहून अधिक गणवेशधारी पोलीस आहेत, तर आठ-दहा माणसांवर चालणारी गावोगावची दले हजारोंनी आहेत. शहर पोलिसांचा प्रमुख बहुधा महापौर किंवा नगर प्रशासन नेमते. शहरांबाहेर काउंटीचा शेरीफ असतो. काउंटी हा भारतातील जिल्ह्याशी ढोबळपणे जुळणारा विभाग असून अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. बहुतेक ठिकाणी शेरीफ लोकांच्या मतांवर निवडून येतो. गस्त घालणे, काउंटीची कोठडी सांभाळणे, न्यायालयाला बंदोबस्त पुरवणे आणि वॉरंट बजावणे ही कामे त्याच्याकडे असतात. महामार्गांवर राज्याचे पोलीस असतात. याशिवाय विद्यापीठे, रेल्वे, विमानतळ आणि मूलनिवासी जमातींची दले वेगळीच.

या विखुरलेपणाचे मूळ राज्यघटनेत आहे. केंद्राला स्पष्टपणे न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील, असे १७९१ची दहावी घटनादुरुस्ती सांगते आणि सर्वसाधारण पोलिसी अधिकार केंद्राला दिलेलाच नाही. खून, चोरी, बलात्कार, मारामारी हे गुन्हे मुख्यतः राज्यांच्या कायद्याखाली येतात. एफबीआय (स्थापना १९०८), अमली पदार्थांविरुद्धची डीईए (१९७३), १७८९पासूनची मार्शल सेवा आणि इमिग्रेशन कायद्यासाठी २००३मध्ये उभी राहिलेली आयसीई या केंद्राच्या यंत्रणा केंद्रीय कायद्यापुरत्या मर्यादित आहेत. एफबीआयचा संचालक एखाद्या गावच्या पोलीसप्रमुखाला हुकूम देऊ शकत नाही. आयपीएससारखी अखिल देशाची सेवाही नाही. नव्या पोलिसाचे प्राथमिक प्रशिक्षण सरासरी पाच महिन्यांच्या आसपास संपते. जर्मनीत त्याला अडीच-तीन वर्षे लागतात. ज्या देशात नागरिकांच्या हातातील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून जास्त आहे, तिथे हे प्रशिक्षण फार अपुरे आहे.

स्थानिक पोलिसांचा खर्च मुख्यतः स्थानिक करांतून निघतो. कर कमी पडले की दंडाच्या पावत्यांवर नजर जाते. मिसुरी राज्यातील फर्ग्युसन या सुमारे २१,००० वस्तीच्या शहरात ऑगस्ट २०१४मध्ये मायकेल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला आणि शहर पेटले. केंद्रीय न्याय विभागाने मार्च २०१५मध्ये तिथल्या पोलीस कारभारावर अहवाल दिला. नगरपालिकेच्या न्यायालयाने २०१३ या एका वर्षात ९,०००हून अधिक अटक वॉरंट काढले होते, तेही बहुतांशी पार्किंग, वाहतूक आणि घरदुरुस्तीच्या किरकोळ नियमभंगांसाठी. अहवालातील एका कृष्णवर्णीय महिलेने २००७मध्ये एकदा चुकीच्या जागी गाडी लावली. दंड होता १५१ डॉलर आणि वर शुल्क. तारखा चुकल्या, दंडावर दंड चढला, तिला दोनदा अटक झाली आणि सहा दिवस कोठडीत काढावे लागले. ५५० डॉलर भरूनही २०१४च्या अखेरीस तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होते. पोलीस, न्यायालय आणि पालिकेची तिजोरी एकाच हेतूने चालू लागली की कायद्याचे काय होते, हे समजून घ्यायला एवढे एक प्रकरण पुरेसे आहे.

पोलिसांना वेसण घालण्याचे काम प्रामुख्याने न्यायालयांनी केले. चौथी घटनादुरुस्ती अवाजवी झडती आणि जप्तीला मनाई करते, पण मनाई मोडून मिळवलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांत वापरता येणार नाही, हे ठरायला १९६१ उजाडावे लागले. क्लीव्हलँडमध्ये डॉलरी मॅप या महिलेच्या घरात पोलीस वैध वॉरंटशिवाय घुसले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा बाद ठरवला. १९६६च्या मिरांडा निकालाने कोठडीतील चौकशीपूर्वी आरोपीला त्याचे हक्क सांगणे बंधनकारक केले : गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील. चित्रपटांमुळे हे शब्द जगभर पाठ झाले आहेत. त्यामानाने हे कमी जणांना ठाऊक असते की बहुतेक संशयित हे हक्क सोडून देऊन बोलू लागतात आणि चौकशीत पोलिसांनी खोटे बोलण्याला सरसकट बंदी नाही. ‘तुझ्या साथीदाराने कबूल केले आहे’ असे पोलिसांनी खोटेच सांगितले, तरी १९६९च्या एका निकालानुसार तेवढ्यावरून कबुलीजबाब बाद होत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील १९८९च्या हल्ल्याच्या प्रकरणात १४ ते १६ वर्षांच्या पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना शिक्षा झाली, ती प्रामुख्याने अशा प्रदीर्घ चौकशीतील जबाबांवर. २००२मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए पुरावा पुढे आल्यावर त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या. त्यांच्यापैकी युसुफ सलाम २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आले.

बळाच्या वापराबाबत मात्र न्यायालयांनी पोलिसांना बरीच मोकळीक दिली. १९८९च्या ग्रॅहॅम निकालाने कसोटी ठरवली ती अशी : त्या क्षणी, त्या जागी असलेल्या वाजवी पोलिसाला काय योग्य वाटले असते? मागाहून शहाणपणाने विचार करून चालणार नाही. पोलिसांच्या गोळीबारात दरवर्षी सुमारे हजार किंवा त्याहून अधिक माणसे मरतात. नुकसानभरपाईच्या दाव्यात ‘पात्र संरक्षण’ नावाचे तत्त्व आड येते. नेमक्या तशाच कृतीला पूर्वी एखाद्या निकालाने बेकायदा ठरवले नसेल, तर पोलिसावर वैयक्तिक दायित्व येत नाही. संसदेने केलेला कायदा याच्या मुळाशी नाही. हे तत्त्व न्यायालयांनीच घडवले आहे. दुसरा मार्ग १९९४च्या कायद्याने खुला केला. एखाद्या पोलीस दलात हक्कांची पायमल्ली नित्याची झाली असेल, तर केंद्रीय न्याय विभाग दावा लावून न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा करवून घेऊ शकतो. लॉस एंजेलिस, न्यू ऑर्लिन्स, बाल्टिमोर आणि फर्ग्युसन येथे हे झाले. केंद्रात सत्ता बदलली की या कामाचा जोरही बदलतो.

राज्य आणि केंद्र ही दोन स्वतंत्र सार्वभौम सत्ताकेंद्रे मानली गेल्याने एकाच कृत्यासाठी दोघांनाही वेगवेगळा खटला भरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हे पुन्हा मान्य केले. मे २०२०मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा जीव घेणारा पोलीस डेरेक शॉविन याला राज्याच्या न्यायालयाने साडेबावीस वर्षांची शिक्षा दिली. नंतर नागरी हक्कांच्या भंगाबद्दल केंद्रीय न्यायालयातही त्याला शिक्षा झाली.

अटक झाली की माणसाचा फोटो, बोटांचे ठसे आणि अंगझडती हे नेहमीचे सोपस्कार होतात. या टप्प्याने भारतात मोठी खळबळ माजवली ती डिसेंबर २०१३मध्ये. न्यूयॉर्कमधील भारतीय उपवाणिज्यदूत, मूळच्या महाराष्ट्रातील देवयानी खोब्रागडे यांना घरकामगार महिलेच्या व्हिसा अर्जात खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांनी आरोप नाकारला. मार्शल सेवेच्या ताब्यात त्यांची कपडे उतरवून झडती घेण्यात आली. दिल्लीत संताप उसळला आणि अमेरिकी दूतावासाबाहेरचे सुरक्षा अडथळे हटवले गेले. अमेरिकी अधिकाऱ्यांचे उत्तर होते की प्रत्येक कैद्याला हाच नियम आहे. हे उत्तर खरे होते आणि चिंता वाटावी ती त्यामुळेच. त्याआधी, २०१२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अशा झडतीला मान्यता दिली होती. ते प्रकरण ज्याचे होते त्या माणसाला न्यू जर्सीत अटक झाली ती आधीच भरलेल्या दंडाचे वॉरंट संगणकावर तसेच राहून गेल्यामुळे, आणि दोन तुरुंगांत त्याची अशी झडती झाली.

यानंतर जामीन. तत्त्वतः आरोपी निर्दोष मानला जातो, पण व्यवहारात सुटका पैशावर अडते. न्यायाधीश रक्कम ठरवतो. ती हाताशी नसेल तर आरोपी खासगी जामीनदाराकडे जातो. हा व्यावसायिक जामीनदार साधारण दहा टक्के शुल्क घेऊन हमी भरतो आणि आरोपी निर्दोष सुटला तरी ते शुल्क परत मिळत नाही. अमेरिका आणि फिलिपीन्स सोडले तर असा धंदा जगात जवळजवळ कुठेच चालत नाही. स्थानिक कोठड्यांतील सुमारे दोन तृतीयांश कैदी दोषी ठरलेले नाहीत; ते निकालाची वाट पाहत असतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कलिफ ब्राउडर हा मुलगा मे २०१०मध्ये, सोळाव्या वर्षी, पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपाखाली पकडला गेला. ३,००० डॉलरचा जामीन कुटुंबाला जमला नाही. आधीच्या एका प्रकरणात तो प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, असल्याने पुढे जामीनच नाकारला गेला. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्याने तीन वर्षे काढली, त्यांतली जवळपास दोन एकांत कोठडीत. तारीख पडत राहिली. गुन्हा कबूल केलास तर लगेच घरी जाशील, असेही त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. अखेर २०१३मध्ये आरोप मागे घेतले गेले. खटला कधी उभाच राहिला नाही. दोन वर्षांनी त्याने आत्महत्या केली. न्यू जर्सीने २०१७पासून पैशांच्या जामिनाचा वापर जवळजवळ थांबवला आणि सप्टेंबर २०२३मध्ये इलिनॉय तो पूर्णपणे रद्द करणारे पहिले राज्य ठरले. तिथे आता आरोपी पळून जाण्याचा किंवा इतरांना धोका असण्याचा प्रश्न न्यायाधीशासमोर सुनावणीत ठरतो.

या सगळ्या यंत्रणेत सर्वाधिक सत्ता ज्याच्या हाती एकवटली आहे, तो सरकारी वकील. बहुतेक राज्यांत काउंटीचा किंवा जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी, मतदार निवडून देतात. सरकारी वकील प्रचार करून, आश्वासने देऊन आणि शिक्षांचे आकडे मिरवून पदावर येतो, ही रीत जगात फारच दुर्मीळ आहे. केंद्राच्या ९४ न्यायिक जिल्ह्यांतील अटर्नी मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देते. कोणावर खटला भरायचा, कोणते कलम लावायचे, किती लावायची आणि कोणती वगळायची, हा निर्णय जवळजवळ पूर्णपणे सरकारी वकिलाचा असतो. खटला न भरण्याच्या निर्णयावर दाद मागण्याची सोय नाहीच म्हणावी अशी. गंभीर केंद्रीय गुन्ह्यांत ग्रँड ज्यूरीची संमती लागते. १६ ते २३ नागरिकांपैकी किमान १२ जणांनी आरोप ठेवण्यास होकार द्यावा लागतो. पण त्या बंद खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो; पुरावा मांडतो तो फक्त सरकारी वकील. होकार बहुतेक वेळा मिळतो.

पुढे असतो तडजोडीचा सौदा. सहाव्या घटनादुरुस्तीने ज्यूरीसमोर खटल्याचा हक्क दिला आहे, पण प्रत्यक्षात दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक खटला न होताच गुन्हा कबूल करतात. केंद्रीय न्यायालयांत शंभर आरोपींपैकी दोन-तीन जणांचाच खटला उभा राहतो. गुन्हा कबूल केला तर कमी कलमे आणि कमी शिक्षा. खटला लढवून हरला तर सगळी कलमे आणि कमाल शिक्षा. केंटकीतील पॉल हेज याचे प्रकरण इथे नीट पाहण्यासारखे आहे. त्याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. त्या गुन्ह्याला दोन ते दहा वर्षांची शिक्षा होती. सरकारी वकिलाने पाच वर्षांची तयारी दाखवली आणि बजावले की नाही म्हणालास तर सराईत गुन्हेगाराचे कलम लावीन. हेजचे आधीचे दोन गुन्हे होते. त्याने खटला मागितला, हरला, आणि त्या कलमाखाली त्याला जन्मठेप झाली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी यात काही गैर नसल्याचे ठरवले. आरोपीला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती, हा बहुमताचा आधार. पाच वर्षे की जन्मठेप, अशा निवडीला मोकळीक म्हणणे पटण्यासारखे नाही. आपण निर्दोष आहोत असे सांगत असतानाच आरोप मान्य करण्याची सोयही १९७०च्या ऑल्फर्ड निकालाने मान्य केली. गुन्हा कबूल करणारे सगळेच गुन्हेगार असतात असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

सौद्याच्या मेजावर आरोपीची बाजू किती भक्कम, हे त्याच्या वकिलावर अवलंबून असते. फ्लोरिडातील पनामा सिटीत १९६१मध्ये एका पूलरूमच्या घरफोडीत क्लॅरेन्स गिडियन पकडला गेला. त्याने वकील मागितला. न्यायाधीशांनी नियमात बसत नाही म्हणून नाकारला. पाच वर्षांची शिक्षा भोगताना त्याने तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३मध्ये न्यायालयाने एकमताने ठरवले की गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला वकील देणे ही राज्याची जबाबदारी आहे. फेरखटल्यात वकिलाने साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आणि ज्यूरीने तासाभरात गिडियनला निर्दोष सोडले. हक्क मिळाला, पण पैशाची तरतूद राज्यांच्या मर्जीवर राहिली. लुइझियानात सरकारी बचाव वकिलांचा खर्च मोठ्या प्रमाणात वाहतूक दंड आणि न्यायालयीन शुल्कांतून भागवला जातो. पोलिसांनी पावत्या कमी फाडल्या की गरिबांचे वकील कमी होतात. न्यू ऑर्लिन्सच्या बचाव वकिलांच्या कार्यालयाने २०१६मध्ये काही गंभीर प्रकरणे घेण्यास नकार दिला, कारण ती नीट लढवायला माणसेच नव्हती.

खटला उभा राहिलाच तर तो ज्यूरीसमोर चालतो. साधारणपणे बारा नागरिक तथ्यांचा निर्णय करतात आणि न्यायाधीश कायदा सांभाळतो. दोषी ठरवायला एकमत लागते. लुइझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत मात्र दहा मतेही पुरत असत. लुइझियानातील नियमाची सुरुवात १८९८च्या घटना परिषदेत झाली होती आणि ज्यूरीत आलेल्या कृष्णवर्णीयांचे मत निष्प्रभ करणे हा त्यामागचा उघड हेतू होता. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला. केंद्रीय न्यायाधीश तहहयात असतात. बहुसंख्य राज्यांत मात्र न्यायाधीशांनाही कधी ना कधी मतदारांसमोर जावे लागते.

शिक्षेच्या बाबतीत १९७०नंतर देशाने जे वळण घेतले, त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत. १९७२मध्ये राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत सुमारे दोन लाख कैदी होते. २००९पर्यंत ते सोळा लाखांवर गेले. स्थानिक कोठड्या धरल्या तर २००८च्या सुमारास तेवीस लाख माणसे गजाआड होती. गुन्हे वाढले होते हे खरे, पण १९९०च्या दशकात ते झपाट्याने कमी होऊ लागल्यावरही तुरुंग भरतच राहिले. कारण कायदे बदलले होते. १९८४च्या कायद्याने केंद्रीय कैद्यांचा पॅरोल, म्हणजे मुदतीआधीची सशर्त सुटका, बंद केला. १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक कोकेनसाठी तीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली जी ५०० ग्रॅम कोकेन भुकटीला होती. क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा होणाऱ्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. २०१०मध्ये हे प्रमाण १८ पटींवर आणले गेले, तरी समान झाले नाही. कॅलिफोर्नियाच्या १९९४च्या ‘तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप’ या कायद्याखाली तीन गोल्फ काठ्या चोरणाऱ्या एका माणसाला २५ वर्षे ते जन्मठेप झाली आणि २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मतदारांनी २०१२मध्ये तो कायदा सौम्य केला.

आज कैद्यांची संख्या वीस लाखांच्या आसपास आहे. लोकसंख्येत १३-१४ टक्के असलेले कृष्णवर्णीय तुरुंगांत सुमारे एक तृतीयांश आहेत. खासगी कंपन्यांच्या तुरुंगांची चर्चा फार होते. प्रत्यक्षात तिथे दहा टक्क्यांहून कमी कैदी आहेत. बाकीचा सारा डोलारा सरकारीच आहे. गजाबाहेर प्रोबेशन किंवा पॅरोलवर असलेल्यांची संख्या मात्र कैद्यांहून मोठी आहे आणि भेट चुकणे, शुल्क थकणे अशा कारणांवरूनही त्यांना पुन्हा आत पाठवता येते.

फाशीबाबत राज्याराज्यांत टोकाचा फरक आहे. १९७२मध्ये थांबलेली देहदंडाची शिक्षा १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली. तेव्हापासून १,६००हून अधिक जणांना ती देण्यात आली, सर्वाधिक टेक्ससमध्ये. व्हर्जिनियाने २०२१मध्ये ती रद्द केली. दक्षिणेत असे करणारे ते पहिले राज्य. १९७३नंतर देहदंड सुनावलेल्या किमान २०० जणांची निर्दोष मुक्तता झाली आहे. एवढ्या चुका उघड झालेल्या असताना उलट न फिरवता येणारी शिक्षा चालू ठेवण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

सुटकेनंतरही गुन्ह्याची नोंद नोकरी, घरभाडे आणि व्यवसायाचे परवाने यांच्या आड येते. मतदानाचा हक्कही राज्यागणिक वेगळा आहे. मेन आणि व्हर्मांटमध्ये कैदी तुरुंगातून मत देतात. इतर काही राज्यांत सुटकेनंतरही वर्षानुवर्षे ते देता येत नाही. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८मध्ये सुमारे ६४ टक्के मतांनी घटनादुरुस्ती करून खून आणि लैंगिक गुन्हे वगळता शिक्षा भोगून झालेल्यांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली की थकलेला सगळा दंड आणि न्यायालयीन शुल्क आधी भरले पाहिजे. २०२०मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ती अट कायम ठेवली. कोणाकडे नेमकी किती रक्कम बाकी आहे, हे सांगणारी एकत्रित नोंदवही तेव्हा राज्याकडे नव्हती.